कडब्याची कुट्टी आणि सातबाऱ्याचा ठसा



दर आठवड्याला या पानावर आपण पिकांविषयी, जनावरांविषयी, नाहीतर औजारांविषयी बोलतो. आज जरा बांध ओलांडणार आहे. विषय संगणकाच्या पोटातला आहे, पण तो तुमच्या सातबाऱ्यापर्यंत येऊन पोचला आहे, म्हणून टाळता येत नाही. घरात शाळा-कॉलेजात जाणारी मुले असतील तर त्यांना जवळ बसवा आणि लेख मोठ्याने वाचा.

आधी माझी एक चूक सांगतो. गेल्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्यातला एक तरुण माझ्याकडे आला. वडिलांपासूनची ओळख. शेजारच्या गावात दोन एकर जमीन घ्यायचे घाटत होते. हातात सातबाऱ्याचा छापील कागद होता.

"साहेब, एवढं नजरेखालून घाला. उद्या इसार द्यायचाय."

मी चष्मा लावला. नाव, गट नंबर, क्षेत्र ठीक होते. इतर हक्कांच्या रकान्यात बोजा नव्हता. खाली डिजिटल सहीची चौकट होती आणि तिच्यावर बरोबरची हिरवी खूण. मी म्हणालो, "सही आहे की. घे बिनघोर."

इसार दिला गेला. चार दिवसांनी त्याच्या बायकोने, जी बचत गटाचे हिशेब लिहिते, त्या कागदावरचा पडताळणी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर घालून पाहिला. जो सातबारा उघडला त्यावर कर्जाचा बोजा सरळ लिहिलेला होता! कोणीतरी बोजा पुसून कागद छापला होता. हिरवी खूण तेवढी जशीच्या तशी ठेवली होती. खरेदीखत व्हायच्या आत गोष्ट उघडी पडली म्हणून बरे. पण इसाराचे पैसे परत यायला दिवाळी उजाडली, आणि तेही तुकड्यातुकड्याने आले.

शिकलेला मी, आणि मोहरेच्या चित्रालाच मोहर समजलो. मग ही डिजिटल सही असते तरी काय, हे मी नीट समजून घेतले. तिच्या मुळाशी एक गोष्ट निघाली. तिचे नाव हॅश. आपण तिला ठसा म्हणू.

बेरीज का पुरत नाही

समजा, पाच शेजाऱ्यांनी सोयाबीनचे एकेक पोते एकाच टेम्पोत घातले. घरच्या काट्यावर वजने भरली ४८, ५१, ५०, ४९ आणि ५२ किलो. चिठ्ठी ड्रायव्हरजवळ दिली. वाटेत कोणी चिठ्ठी बदलू नये म्हणून तुम्ही अडत्याला फोनवर फक्त बेरीज सांगितली, २५०. ही बेरीज म्हणजे चिठ्ठीचा ठसाच झाला. चिठ्ठी मोठी, ठसा लहान.

पण हा ठसा कच्चा आहे. कोणी पहिल्याचे ४८ चे ५० केले आणि पाचव्याचे ५२ चे ५० केले, तर बेरीज २५०च राहते. पाचव्याचे दोन किलो गेले आणि अडत्याला पत्ताही नाही.

बरे, आणखी एक युक्ती करू. प्रत्येक वजनाला त्याच्या अनुक्रमांकाने गुणू आणि मग बेरीज घेऊ. ४८ एके ४८, ५१ दुणे १०२, ५० त्रिक १५०, ४९ चोक १९६, ५२ पंचे २६०. एकूण ७५६. आता वरची लबाडी केली तर ७५६ च्या जागी ७४८ येतात, चोर सापडतो. तुम्ही खूश होऊन अडत्याला दोन्ही आकडे कळवता, २५० आणि ७५६.

आता ड्रायव्हर गणितात हुशार निघाला तर? त्याने चिठ्ठी अशी लिहिली : ४९, ४९, ५१, ४९, ५२. करून बघा हिशेब. बेरीज २५०, गुणून बेरीज ७५६. दोन्ही ठसे जुळले, आणि दुसऱ्या शेजाऱ्याचे दोन किलो बिनबोभाट अलीकडे-पलीकडे वाटले गेले.

यातून धडा असा, की चुकून झालेली चूक पकडणे वेगळे आणि मुद्दाम केलेली लबाडी पकडणे वेगळे. आधार क्रमांकाचा शेवटचा आकडा आधीच्या अकरा आकड्यांवरून काढलेला असतो. लिहिताना एखादा आकडा चुकला तर तो लगेच कळतो. पण ती सोय चुकीसाठी आहे, चोरासाठी नाही. चोरासमोर टिकणारा ठसा वेगळ्याच जातीचा लागतो.

कुट्टी करणारे यंत्र

हॅश या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थच बारीक चिरून एकत्र करणे असा आहे. आपल्याकडे कडबा कुट्टीचे यंत्र असते ना, तसेच समजा. एका तोंडातून कडबा घाला, दुसऱ्या तोंडातून कुट्टी येते. कुट्टीवरून पुन्हा ताट उभे करता येत नाही.

संगणकातल्या कुट्टीत दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक म्हणजे, आत एक ओळ घाला नाहीतर अख्खी पोथी घाला, बाहेर येणारा ठसा ठरलेल्या लांबीचाच असतो. दुसरी म्हणजे, तोच मजकूर घातला तर दर वेळी तोच ठसा येतो, मग संगणक तुमचा असो की अमेरिकेतला.

आज सर्वत्र वापरात असलेल्या अशा एका यंत्राचे नाव शा-२५६. अमेरिकेच्या प्रमाणसंस्थेने २००२ साली ते प्रमाण म्हणून जाहीर केले. ते मजकुराचे ६४-६४ अक्षरांएवढे तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकडा ६४ फेऱ्यांत फिरवून, मिसळून, पिळून काढते. पहिल्या तुकड्याचा निकाल दुसऱ्याच्या मिसळणीत जातो, दुसऱ्याचा तिसऱ्याच्या, आणि शेवटी जे उरते तो ठसा. संगणकाच्या भाषेत तो २५६ शून्य-एकांचा असतो. लिहायचा झाला तर आकडे आणि इंग्रजी अक्षरे मिळून ६४ चिन्हांचा.

मजकुरात एक काना बदलला तरी ठशातली जवळजवळ निम्मी शून्य-एके उलटतात. बेरजेसारखे नाही, की इथे दोन वाढवले आणि तिथे दोन कमी केले की जमले. कुठे हात लावला म्हणजे काय बदलेल याचा अंदाजच बांधता येत नाही. या यंत्राची ताकद इथे आहे.

आणि यंत्राची कृती गुप्त नाही बरे का. ती छापून प्रसिद्ध केलेली आहे, कोणीही वाचावी. कुलूप कसे बनवले ते सगळ्यांना ठाऊक असूनही उघडत नाही, तेच कुलूप चांगले.

पक्का ठसा कोणता

जाणकार तीन कसोट्या लावतात.

पहिली, ठशावरून मूळ मजकूर काढता येऊ नये. अंगठ्याच्या ठशावरून माणूस ओळखता येतो, पण माणूस घडवता येत नाही, तसे.

दुसरी, माझ्या हातात एक खरा कागद असताना, त्याच ठशाचा दुसरा खोटा कागद कोणाला तयार करता येऊ नये.

तिसरी, लबाडाने स्वतःच्या मर्जीने दोन्ही कागद बनवायचे म्हटले, तरी एकाच ठशाचे दोन वेगळे कागद त्याला सापडू नयेत. ही कसोटी सगळ्यांत कडक.

आपल्या देशाच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात, २००० साली, कलम ३ मध्ये हॅशची व्याख्याच दिली आहे. तिचा भावार्थ असा, की तोच मजकूर दिला तर दर वेळी तोच ठसा यावा, ठशावरून मूळ मजकूर काढणे संगणकालाही आवाक्याबाहेरचे असावे, आणि दोन मजकुरांचा एक ठसा निघणेही तसेच आवाक्याबाहेरचे असावे.

आता तुम्ही म्हणाल, साहेब, कागद जगात अगणित आणि ठसे मोजके, मग दोन कागदांचा ठसा कुठेतरी एक असणारच! अगदी बरोबर. एकाच ठशाचे कागद असतातच. पण असणे वेगळे आणि सापडणे वेगळे. गंजीत हरवलेली सुई गंजीतच असते, तरी हाताला लागत नाही. शा-२५६ चे निरनिराळे ठसे किती होतात? ती संख्या ७८ आकडी आहे.

तिसरी कसोटी मात्र दिसते त्यापेक्षा अवघड आहे. शाळेतल्या वर्गाचे उदाहरण घ्या. वर्गात तुमच्या मुलीच्याच तारखेला जन्मलेले दुसरे मूल सापडणे कठीण, कारण दिवस ३६५. पण कोणत्याही दोघांचा वाढदिवस एका दिवशी येण्याला किती मुले पुरतात? फक्त २३ मुलांत ती शक्यता निम्म्याहून जास्त होते, कारण २३ मुलांच्या जोड्या २५३ होतात. पटत नसेल तर गुरुजींकडून पटावरच्या तारखा मागून बघा.

ठशांचे तसेच आहे. ठराविक कागदाचा जोडीदार शोधणे महाकठीण, पण कोणतीही जुळणारी जोडी शोधणे त्या मानाने सोपे. म्हणून ठसा आपल्याला वाटतो त्याच्या दुप्पट लांब ठेवावा लागतो. शा-२५६ मध्ये अशी जोडी शोधायला ३९ आकडी संख्येइतके प्रयत्न लागतात. तेवढा वेळ आणि तेवढी वीज आज कोणाजवळच नाही.

वाणही मोडते, ठसाही मोडतो

इथे आपल्या धंद्यातली एक गोष्ट आठवा. २००२ साली बीटी कापसाला मंजुरी मिळाली. बोंडअळीचा प्रश्न सुटला असे वाटले. २००६ साली दोन जनुकांचे वाण आले. पण गुलाबी बोंडअळी हळूहळू त्यालाही पचवू लागली आणि २०१७ च्या हंगामात आपल्याकडच्या कापसाचे काय झाले, ते कापूस लावणाऱ्याला सांगायला नको. वाण तेच होते, बियाणेही तेच होते. अळीने वाट शोधली होती.

ठशांच्या बाबतीतही असेच घडले. १९९१ साली अमेरिकेतले प्राध्यापक रॉन रिव्हेस्ट यांनी एमडी-५ नावाचे यंत्र तयार केले. त्याचा ठसा १२८ शून्य-एकांचा. जगभर ते वापरले गेले. २००४ साली चीनमधल्या प्राध्यापिका वांग शियाओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमडी-५ चा एकच ठसा असणाऱ्या दोन वेगळ्या मजकुरांची जोडी जगापुढे मांडली. त्यांनी नुसती गंज उपसली नाही, सुई कुठे असेल याचा माग काढला. आज तशी जोडी साध्या संगणकावर काही क्षणांत निघते.

हे पुस्तकातच राहिले नाही. २०१२ साली फ्लेम नावाचा एक घातक प्रोग्रॅम उघडकीला आला. एमडी-५ च्या याच कमजोरीचा फायदा घेऊन त्याने मायक्रोसॉफ्ट कंपनीची सही असल्याचे सोंग घेतले होते, आणि संगणकांनी त्याला घरचा माणूस समजून आत घेतले होते.

पुढचे वाण शा-१, १९९५ सालचे, १६० शून्य-एकांचे. २०१७ च्या फेब्रुवारीत ॲम्स्टरडॅमच्या संशोधन संस्थेने आणि गूगलने मिळून एकाच शा-१ ठशाच्या दोन वेगळ्या पीडीएफ फायली दाखवल्या. त्यासाठी ठसा काढण्याची कृती १९ आकडी संख्येइतक्या वेळा करावी लागली. निव्वळ नशिबावर हवाला ठेवला असता, तर लागले असते त्याच्या लाखपट कमी! अमेरिकेच्या प्रमाणसंस्थेने २०२२ मध्ये जाहीर केले, की २०३० अखेरपर्यंत शा-१ चा वापर पूर्ण बंद करावा.

एक बारीक फरक ध्यानात घ्या. या यंत्रांची तिसरी कसोटी मोडली आहे. दुसऱ्याने प्रामाणिकपणे केलेल्या जुन्या कागदाचा हुबेहूब ठशाचा जोडीदार बनवणे आजही कोणाला प्रत्यक्षात जमलेले नाही. पण वाणाला एक कीड लागली म्हणजे शहाणा शेतकरी दुसऱ्या किडीची वाट पाहत नाही, बियाणे बदलतो. शा-२५६ ला तशी वाट अजून सापडलेली नाही. तरीही अगदी वेगळ्या घडणीचे शा-३ नावाचे यंत्र २०१५ सालीच प्रमाण म्हणून जाहीर करून ठेवले आहे. बी राखून ठेवावे तसे.

ठसा काय सांगतो, काय सांगत नाही

आता सहीकडे येऊ. नुसता ठसा कागदाबरोबर ठेवला तर लबाड कागद बदलेल आणि नवा ठसाही काढून ठेवील. म्हणून अधिकाऱ्याजवळ एक गुप्त किल्ली असते. कागदाचा ठसा काढून त्यावर त्या किल्लीने सही होते. तपासणारा संगणक कागदाचा ठसा पुन्हा काढतो आणि सहीतल्या ठशाशी ताडून बघतो. बोजाचा एक आकडा पुसला असेल तरी ठसा जुळत नाही.

पण ही सगळी करामत संगणकातल्या फाइलीत असते. छापील कागदावर फक्त तिचे चित्र उतरते. माझी चूक झाली ती इथे. मोबाइलवर फाइल उघडली तरी पुष्कळ ॲप चित्रच दाखवतात, सही तपासत नाहीत.

दुसरे, ठसा जुळला म्हणजे कागद बदललेला नाही एवढेच ठरते. मुळात नोंदच चुकीची असेल तर ठसा त्या चुकीचीही इमानाने राखण करतो. राखणदार चांगला, पण धान्य चांगले की किडके ते आपणच पाहायचे.

तिसरे, ठसा कितीही पक्का असला तरी आत घातलेली वस्तू अंदाजाने सांगता येण्यासारखी असेल तर उपयोग नाही. नीट चालवलेल्या संकेतस्थळावर तुमचा पासवर्ड ठेवत नाहीत, त्याचा ठसा ठेवतात. पण चार आकडी पिन दहा हजारच असतात. ठसे चोरणारा ०००० पासून ९९९९ पर्यंत सगळ्यांचे ठसे काढून जुळवील. म्हणून पासवर्डमध्ये आधी प्रत्येकासाठी वेगळी अशी थोडी भेसळ करून मग ठसा काढतात. या भेसळीला तज्ज्ञ लोक मीठच म्हणतात! त्यामुळे दोघांचा पासवर्ड एक असला तरी ठसे वेगळे येतात, आणि चोराला प्रत्येक घरासाठी नव्याने मेहनत करावी लागते. तरी सोपा पासवर्ड तो सोपाच. मुलाचे नाव आणि जन्मसाल ठेवू नका.

एवढे करा

सातबाऱ्याची छापील प्रत कोणी दाखवली तर हिरव्या खुणेवर जाऊ नका. कागदावरचा पडताळणी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर घालून बघा. हा क्रमांक म्हणजे ठसा नव्हे, पण त्याने सरकारदरबारी असलेला सातबारा समोर येतो. मग रकान्यामागून रकाना ताडून बघा, इतर हक्कांचा तर आधी. संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा, समोरच्याने पाठवलेल्या दुव्यावर बोट ठेवू नका. जमत नसेल तर व्यवहाराच्या दिवशी स्वतः नवा उतारा काढा. आणि इसार त्यानंतर.

पीक नुकसानीचे फोटो, बांधाच्या भांडणाचे व्हिडिओ मूळ फोनमध्ये जसेच्या तसे जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तो आक्रसतो, म्हणजे फाइल बदलते आणि ठसाही बदलतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात, असा पुरावा कोर्टात देताना जे प्रमाणपत्र जोडायचे त्यात फाइलीचा हॅश लिहावा लागतो. त्या नमुन्यात शा-१, शा-२५६ आणि एमडी-५ अशी तिन्ही नावे छापली आहेत. यातली दोन वाणे मोडलेली आहेत हे आता तुम्हाला ठाऊक आहे. वकिलांना नम्रपणे सांगा, "साहेब, शा-२५६ चा ठसा लिहा."

तो तरुण परवा भेटला. दुसरीकडे दीड एकर बघतो आहे. मी विचारले, "कागद आणलास का दाखवायला?" तो हसला. म्हणाला, "साहेब, आता घरातच तपासतात." मला वाईट वाटले नाही. विस्तार कार्याचा माणूस नको झाला म्हणजे त्याचे काम झाले असे समजावे.

घरातल्या शिकलेल्या लेकी-सुनांना हा लेख दाखवा आणि कपाटातल्या सातबाऱ्याचा पडताळणी क्रमांक आजच घालून बघायला सांगा. पुढच्या आठवड्यात पुन्हा शेतात, नेहमीच्या बांधावर भेटू.